बांधावरचे पोहे

“ही वाट अतिसोपी,” नारिंग्रेकरांनी जाहीर केलं आणि पहिल्याच कातळावर ते घसरले.

पडले नाहीत. दोन्ही हातांत चालायच्या काठ्या होत्या, त्यांनी सावरलं. टोपी तेवढी उडाली आणि करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. माझे वडील, म्हणजे आबा, घरात पाहुण्याने ढेकर दिल्यावर जसे आढ्याकडे बघतात तसे आभाळाकडे बघत राहिले. मथुआत्या पुढे झाली, जाळीत हात घालून तिने टोपी काढली, झटकली आणि नारिंग्रेकरांच्या हातात न देता स्वतःच्या काखेत मारली. “डोक्यार ठेवलास तर परत उडतली,” ती म्हणाली आणि चालू लागली.

हा बघण्याचा कार्यक्रम होता. मुलगी साठीची, मुलगा पासष्टीचा. मुलीकडून मुलीचा थोरला भाऊ आणि भाची, म्हणजे मी. मुलाकडून कोणी नाही, कारण त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात होता आणि त्याने फोनवर फक्त “बाबा, आर यू शुअर?” एवढंच विचारलं होतं.

नारिंग्रेकर मुंबईत एका रंगाच्या कंपनीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्यासारख्याच गुडघे कुरकुरणाऱ्या लोकांना जमवून फिरायला न्यायचा उद्योग काढला. त्यांच्या सगळ्या वाटा सोप्या असत. सोपी, अतिसोपी आणि बिनकष्टी असे त्यांनी तीन वर्ग पाडले होते. चौथा वर्ग त्यांच्या शब्दकोशात नव्हता. चढ नको, दम लागायला नको, आणि शेवटी जेवण हवं. असंच एकदा ते आमच्या पाटथरला सड्यावरची, म्हणजे गावामागच्या कातळपठारावरची, फुलं बघायला पंधरा-वीस म्हातारी माणसं घेऊन आले आणि जेवायला मथुआत्याकडे उतरले. आत्या पाहुण्यांना जेवण करून घालायची. त्या दिवशी तिने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. पुढच्या महिन्यात नारिंग्रेकर पुन्हा आले, या वेळी एकटेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही आले, आणि तेव्हा सड्यावर फुलं सोडा, गवतसुद्धा वाळलं होतं. काय बघायला आलात असं आबांनी विचारलं तर म्हणाले, “वाट.” गावाने काय ते ओळखलं.

मग त्यांनी रीतसर आबांना फोन करून मागणी घातली. आबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. लोक काय म्हणतील, हे वय काय आहे, असं सगळं त्यांनी मला ऐकवलं, पण खरं दुखणं मला ठाऊक होतं. आई गेल्यापासून आबांचं जेवण आत्याच्या घरून येत होतं. बहीण सासरी गेली की बांगड्याचं तिखलंही तिच्याबरोबर सासरी जाणार, या विचाराने माणूस हवालदिल झाला होता.

आत्या मात्र शांत होती. दत्ताकाकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जाऊन पंधराएक वर्षं झाली होती. ती ना हो म्हणाली ना नाही. “पोहे खाऊन माणूस कळणा नाय,” ती मला म्हणाली. “एकदा चुकलंय मी. तेंव्हा पण पोहेच केललंय. आता चलान बघूया.” आणि ठरलं असं की सड्यावरून खाली उतरायचं, खाजणातल्या बांधावरून चालत तरीपर्यंत, म्हणजे होडीच्या धक्क्यापर्यंत, जायचं. तिथे होडी पकडून नारिंग्रेकर पलीकडे एसटीला जातील. होडीत बसायच्या आधी आत्या सांगणार, हो की नाही. नाही म्हटलं तर त्यांनी पुन्हा पाटथरला यायचं नाही, फुलं बघायलासुद्धा नाही. ही अट आबांची. नारिंग्रेकरांनी ती मान्य केली होती, पण तेव्हा त्यांचा आवाज जरा बसला होता, हे मी फोनवर ऐकलं होतं.

तर असे आम्ही चौघं कोजागिरीच्या आसपासच्या एका दुपारी सड्यावर चालत होतो. सोनकी अजून पिवळीधमक होती, गवताच्या शेंड्यांना तांबूस रंग चढायला लागला होता आणि मधूनमधून काळा कातळ उघडा पडला होता. लांबवर समुद्र दिसत होता. नारिंग्रेकरांनी नवीकोरी पॅंट घातली होती, गुडघ्याच्या वर खिसे, खाली खिसे, खिशाला खिसे. ही पॅंट जन्मात फाटत नाही असं दुकानदाराने सांगितलंय, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. “दुकानदार बांधार कधी चललोहा?” आबांनी मला विचारलं, पण त्यांना ऐकू जाईल असं.

माणूस वाईट नव्हता. पण बोलायचा फार. प्रत्येक फुलाजवळ थांबायचा, काठीने दाखवायचा, आणि ज्या फुलांतून आत्या जन्मभर गुरं हाकत आली ती फुलं तिलाच समजावून सांगायचा. आत्या ऐकत होती. मला वाटलं कंटाळली असेल, पण नाही. एकदा तर तिने एक फूल उगाचच विचारलं. तेरडा होता. कोकणात जन्मलेल्या बाईला तेरडा माहीत नाही! मी आबांकडे बघितलं, आबांनी पुन्हा आभाळाकडे बघितलं.

या सगळ्यात उशीर झाला. सड्याची कड उतरून खाजणात पोचलो तेव्हा भरती लागली होती, आणि ती साधी नव्हती, उधाणाची होती. खाजण म्हणजे खाडीच्या कडेची खारट जमीन. पूर्वजांनी माती-दगडांचा बांध घालून खाडीला बाहेर ठेवलं आणि आत भातशेती केली. बांधाच्या एका अंगाला तिवरं, चिखल आणि चढणारं पाणी. दुसऱ्या अंगाला लोंब्यांनी वाकलेलं भात. मध्ये दोन माणसं शेजारी चालू शकतील एवढी वाट. नारिंग्रेकरांनी दोन्हीकडे बघून घेतलं आणि शिक्का मारला, “बिनकष्टी.”

आबांना बांधाचा फार अभिमान. त्यांनी पाहुण्याला तिथेच उभं करून बांधाची रीत सांगितली. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधाला बिळं पाडतात. एखादं बीळ आरपार गेलं की खाडीचं पाणी त्यातून घुसतं, आणि तासाभरात बिळाचं भगदाड होतं. म्हणून ज्याच्या नजरेला पहिल्यांदा भोक पडेल त्याने ते सोडून हलायचं नाही. पायाने, हाताने, पाठीने, कशानेही ते दाबून धरायचं आणि हाक घालायची. हाक ऐकली की वाडीतला माणूस हातातलं काम टाकून चिखल, पेंढा, जे मिळेल ते घेऊन धावतो. भोक बुजलं की शेजारच्या शेताच्या मालकाने भोकावरच्या माणसाला हात द्यायचा. त्या हाताने त्याची सुटका. तोवर नाही. मग मार्गशीर्षात बांधाचं जेवण होतं तेव्हा पहिलं पान त्या माणसाला.

“आणि कोणी बघून न बघितल्यासारखं केलं तर?” नारिंग्रेकरांनी विचारलं.

आबा खांद्यावरचा पंचा सारखा करत खाली बघू लागले. मीही पायाखाली बघू लागले. उत्तर आत्यानेच दिलं, अगदी वारा-पावसाबद्दल सांगावं तसं. तिच्या नवऱ्याने एकदा सकाळी बांधावरून येताना पाणी झिरपताना बघितलं होतं. कोणीतरी बघेल असं म्हणून ते घरी आले, चहा प्यायले. संध्याकाळी बांध गेला. पुढे कितीतरी वर्षं त्या मळ्यांत भात झालं नाही, खारं पाणी प्यालेल्या जमिनीला गोडी यायला वेळ लागतो. गावाने त्यांना शब्दाने दुखवलं नाही. बांधाच्या जेवणाला त्यांचं पान शेवटी वाढायचे, एवढंच.

“आणि माजा पण,” आत्या म्हणाली. “बायकांच्या पंगतीत.”

नारिंग्रेकर बांधाच्या कडेकडे बघत चालू लागले. 

मग आबांनी मला पुढे काढलं आणि दबक्या आवाजात सुरुवात केली, की बघ, हा माणूस दिवसभर बडबडणार, आत्याचं डोकं उठवणार, सपाट कातळावर घसरतो, उद्या न्हाणीघरात पडला तर उचलायला मलाच जावं लागेल. मी म्हटलं, “आबा, तिखल्याचं काय ते स्पष्ट बोला ना.” ते भडकायच्या बेतात होते, तेवढ्यात मागे धपकन आवाज झाला आणि आत्याची हाक आली.

“भोक! बांधाक भोक!”

आम्ही मागे वळलो. आत्या बांधावर उभी होती. नारिंग्रेकर बांधावर नव्हते. खाडीच्या अंगाला, उतारावर, कमरेपर्यंत पाण्यात ते पाठ टेकून बसले होते, काठ्या तरंगत चालल्या होत्या. मी धावत जाऊन शेताच्या अंगाला डोकावले. तिथे एका बिळातून गढूळ पाणी आलेलं, भाताची चार रोपं आडवी झालेली, आणि आता मात्र नुसती धार ठिबकत होती. भोकाचं तोंड पलीकडून बंद झालं होतं. नारिंग्रेकरांनी ते बूड टेकून बंद केलं होतं.

आबांचा आ वासला. मुंबईच्या माणसाने रीत ऐकून अर्धा तास झाला नव्हता.

“हलू नकात,” आत्याने त्यांना सांगितलं आणि तोंडाशी हात धरून लांब हाक घातली. वाडी तशी दूर होती. मळ्यांपलीकडून कोणीतरी ती हाक उचलली, पुढे कोणी अजून उचलली. लोक निघाले हे कळलं, पण चिखल-पेंढा घेऊन यायला वेळ लागणार होता आणि पाणी तर चढतच होतं. आबा हाताला येईल ती माती, झुडपं शेताच्या अंगाने बिळात कोंबू लागले. मी त्यांना ढेकळं देत होते. पण आतून कोंबलेलं टिकत नाही, बाहेरून दाबलेलं टिकतं, आणि बाहेरून दाबायला एकच गोष्ट होती.

“खाली काहीतरी चावतंय,” नारिंग्रेकर म्हणाले.

“कुर्ली आसतली,” आत्या म्हणाली. “चावांदे.”

मग ती त्यांच्या डोक्याशी, बांधाच्या कडेला, पाय सोडून बसली. पिशवीतून डबा काढला. पोहे होते. तरीवर पोचल्यावर खायचे म्हणून केलेले. नारिंग्रेकरांचे दोन्ही हात मागे चिखलात रुतले होते, त्यांच्यावर भार देऊनच ते बसले होते. चमचा आत्याने आणलाच नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि सरळ हाताने एक घास त्यांच्या तोंडात घातला.

आबा ढेकूळ हातात धरून तसेच उभे राहिले.

“मासे किती दिवस नसले तर चालतंत?” आत्याने विचारलं.

“सोमवार पाळतो.” तोंडात पोहे होते.

“घोरतास?”

“बायको म्हणायची, घोरतो.”

“तिची आठवण येता?”

नारिंग्रेकरांनी घास गिळला. पाणी छातीपर्यंत आलं होतं. “रोज,” ते म्हणाले. “सकाळी जास्त.”

आत्याने मान हलवली आणि दुसरा घास दिला. मी लहानपणापासून बघण्याचे बरेच कार्यक्रम पाहिले, त्यात माझेही दोन धरून. इतके नेमके प्रश्न मी कुठे ऐकले नव्हते, आणि इतकी खरी उत्तरंही नव्हती.

पाणी बगलेपर्यंत आलं तेव्हा आबा घाबरले. हे मी त्यांच्या बाजूने सांगते, कारण त्या क्षणी त्यांच्या मनात तिखलं नव्हतं. वाडीतले लोक मळ्यांमधून येताना दिसत होते, पण अजून लांब होते. आबा उतार उतरून गुडघाभर पाण्यात गेले आणि त्यांनी हात पुढे केला. शेत त्यांचं होतं. त्यांनी हात दिला की सुटका, रीतीप्रमाणे.

“उठा,” ते म्हणाले. “भात गेला तर जावंदे. माणूस जावक नको.”

नारिंग्रेकरांनी एक हात चिखलातून सोडवला, आबांचा हात धरला आणि ते अर्धे उठले. त्याबरोबर मागे शेतात पाण्याचा भस्सकन आवाज झाला. नारिंग्रेकरांचा चेहरा बदलला. त्यांनी दुसरा हात झटकन पाठीमागे नेला, चाचपल्यासारखं केलं, वर आत्याकडे एकदा बघितलं, आणि आबांचा हात सोडून पुन्हा खाली बसले. आवाज थांबला.

“नको,” ते म्हणाले. “बसतो मी.”

“अवो, मानेपर्यंत येतला पाणी.”

“येऊ दे. बसतो.”

आबा तसेच उभे राहिले. मग ते मुकाट्याने नारिंग्रेकरांच्या शेजारी पाण्यात बसले आणि त्यांनी आपला खांदा त्यांच्या खांद्याला लावून आधार दिला. तासाभरापूर्वी या माणसाला न्हाणीघरातून उचलायची तक्रार करणारे आबा! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला मी शेताकडे तोंड केलं.

वाडी आली. आधी पुरुष, पाटीत चिखल आणि खांद्यावर पेंढ्याचे भारे घेऊन. मागून बायका, कारण असा देखावा कोण सोडतं. मथु मणचेकरीण बांधावर बसून मुंबईच्या पाहुण्याला भरवते आहे, आणि पाहुणा खाडीत बसून खातो आहे. बायकांत खसखस पिकली. पण पुरुषांनी नारिंग्रेकर कशावर बसले आहेत ते बघितलं आणि कोणी हसलं नाही. ते कामाला लागले. दोघांनी पाण्यात उतरून त्यांच्या दोन्ही बगलांतून पेंढा आणि चिखल दाबत आणला, आतून दगड बसवले. मग त्यांना इंचाइंचाने बाजूला सरकवत मागोमाग चिखल भरत गेले. धार बंद झाली.

आता हात. सगळे आबांकडे बघू लागले. पण आत्या आधीच नवं लुगडं खोचून उतारावरून खाली चालली होती. तिने आबांच्या खांद्यावरचा पंचा न विचारता ओढून घेतला, पाण्याखालूनच नारिंग्रेकरांच्या कमरेभोवती नीट गुंडाळला, गाठ मारली, आणि मग सगळ्या वाडीदेखत त्यांना हात दिला.

“थंडी वाजात,” ती लोकांना म्हणाली. ऑक्टोबरच्या उकाड्यात.

तरीपर्यंतची वाट आम्ही चौघं भिजत, चिखल गाळत चाललो. वाडीतली चार पोरं मिरवणुकीसारखी मागे. नारिंग्रेकर पंचा लावून चालत होते, काठ्या वाहून गेल्या होत्या आणि ते पहिल्यांदाच घसरत नव्हते. कुठल्याही फुलावर बोलत नव्हते. होडीवाला वल्हं धरून वाट बघत होता. ते होडीपाशी थांबले, वळले, आणि आत्याकडे बघत राहिले. इतका केविलवाणा नवरामुलगा मी अजून बघितला नाही.

आत्याने काखेतली टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी दाबून बसवली.

“पुढच्या खेपेक येताना,” ती म्हणाली, “साधी पॅंट घालून येवा.”

पुढची खेप आहे, एवढंच सगळ्यांना कळलं. होडीवाल्याने वल्हं मारलं. आबा म्हणाले, पंचा माझा आहे, तो परत आणायचा.

लग्न देवळात झालं, साधंच. नारिंग्रेकर पाटथरलाच राहायला आले, त्यामुळे आबांचं तिखलं वाचलं, आणि वर भांडायला हक्काचा माणूस मिळाला. दर मार्गशीर्षात बांधाच्या जेवणाला पहिलं पान नारिंग्रेकरांना वाढलं जाई. आत्या बायकांच्या पंगतीत पहिली बसे. पहिल्या वर्षी ती पानावर बसली आणि जेवलीच नाही, नुसती भाताकडे बघत राहिली; मी शेजारी होते. त्या दिवशीची कथा गावात वाढतच गेली. पाणी आधी छातीपर्यंत होतं, मग नाकापर्यंत झालं, पुढे पुढे एक मगरसुद्धा आली. नारिंग्रेकर कोणाची चूक सुधारत नसत. “बसलो होतो फक्त,” एवढंच म्हणत, आणि लोकांना तो त्यांचा विनय वाटे.

बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात, त्यांना मी हात धरून बांधावर फिरायला नेत असे. वाट अजूनही बिनकष्टी वर्गातच होती, फक्त आता आम्ही पहिल्या उघाडीपासूनच, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापासूनच, परत फिरायचो. एकदा ते त्या जागी थांबले आणि म्हणाले, नंदा, तुला एक सांगतो, पण मथुराला बोलू नकोस.

ते घसरले होते.

भोक त्यांनी बघितलंच नव्हतं. तोल गेला, उतारावरून खाली आले, आणि जिथे बसले तिथे भोक होतं. आत्याची पहिली हाक आली तेव्हा त्यांना वाटलं, साप आहे. मग कळलं काय प्रकार आहे. “आणि आबांनी हात दिला तेव्हा?” मी विचारलं. “तेव्हा तर उठत होता की. पुन्हा बसलात.”

नारिंग्रेकरांनी मागेपुढे कोणी नाही ना ते बघितलं. खाली येताना कालवांच्या, म्हणजे दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, धारेवर पॅंट फाटली होती, मागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उठताना हात लावून बघितलं तर काही शिल्लकच नव्हतं. वर आत्या बसलेली, मळ्यांतून सगळी वाडी येतेय. “अशा अवस्थेत उठायचं कसं?” ते म्हणाले. “लग्नाचा प्रश्न होता.”

मी बांधावर बसून इतकी हसले की त्यांनाही हसू आलं. मी वचन दिलं आणि पाळलं.

पावसाच्या सुरुवातीला ते गेले, झोपेतच, बिनकष्टी. मला त्यांची फार आठवण येत होती. इतक्या वर्षांच्या बडबडीनंतरची ती शांतता घरात सोसवत नव्हती. मार्गशीर्षात बांधाचं जेवण आलं तेव्हा गावाने पहिलं पान त्यांच्या नावाने वाढून बाजूला ठेवलं. आत्या पंगतीला आली नाही. शोधायला गेले तर मागच्या पडवीत नारळाच्या करवंट्यांशेजारी एकटीच बसली होती. रडून झालं होतं. मी शेजारी बसले. तिला कसंही करून हसवावं असं मला वाटलं, आणि ज्यांना वचन दिलं होतं ते काही आता विचारायला येणार नव्हते. मी सगळं सांगितलं. घसरणं, साप, कालवं, पॅंट.

आत्या हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, एखादं लहान पोर फार उशिरा मोठं होताना बघावं तसं.

“माका काय सांगतंस,” ती म्हणाली. “मी मागसून चलत होतंय. घसारताना मीया बघलंय. पॅंट तर मीयाच शिवलंय मगे.”

“मग पंचा...”

“उगाच गुंडाळललंय?”

 आत पंगत बसत होती, कोणीतरी पहिल्या पानावर तुपाची धार धरायला सांगत होतं. मग मला राहवलं नाही. “आत्या, तुला सगळं ठाऊक होतं. तो माणूस घसरला म्हणून पडला, आणि लाजला म्हणून बसला. मग हो का म्हणालीस?”

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि गुडघ्यावर हात टेकून ती पंगतीला जायला उठली.

“तुझे दत्ताकाका,” ती म्हणाली, “त्याच बांधावरसून सुक्या लेंग्यान घराक इल्ले.”